डिजिटल पूनमचंद

३ जानेवारी, शुक्रवार

आज मला काढून टाकलं.

हेमसिंग तसं म्हणाला नाही. तो म्हणाला, "काकाजी, तुमी आता आराम करा." आराम करायला लोक आजारी माणसाला सांगतात किंवा नको असलेल्या माणसाला. मला तर साधी सर्दीसुद्धा नाही.

हेमसिंग आडे म्हणजे मंगरुळपीरहून निघणाऱ्या साप्ताहिक 'वऱ्हाडी टोला'चा मालक, संपादक आणि बातमीदार. दर शुक्रवारी मोटरसायकलवर फिरून अंकही तोच वाटतो. त्यात माझं 'आमाले नाई पटत' हे सदर. शेलूबाजारच्या हायवेवर माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी गल्ल्यामागे बसून लिहितो. मोबाईल, मालिका, ऑनलाइन खरेदी, एकावर एक फुकट, घसा फाडून बातम्या सांगणारे लोक यातलं काहीच मला पटत नाही, त्यामुळे विषयाची चणचण कधी भासली नाही.

हेमसिंगची तक्रार अशी की ज्याची जाहिरात छापावी त्यालाच मी ठोकतो. गेल्या महिन्यात पाण्याच्या मशीनची पानभर जाहिरात होती आणि शेजारीच माझा लेख होता, 'पाणी प्यायला वीज कायले लागते?' तो निव्वळ योगायोग होता. दुसरी तक्रार अक्षराची. तिच्यावर मी काही बोलत नाही.

"तुमचे समदे जुने लेख कॉम्प्युटरमंदी टाकले," तो म्हणाला. "आता मशीन तुमच्यावानी लिहिते. नाव तुमचंच ठेवतो. तुमचा मान राह्यला पायजे."

"म्हणजे नाव माहं आन डोकं मशीनचं?"

"हो ना! आमी ऑफिसात त्याले डिजिटल पूनमचंद म्हणून राह्यलो."

ऑफिसात हा एकटाच असतो.

घरी येऊन बायकोला, प्रेमाला, सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग आता शुक्रवारी कोणावर चिडसान?"

५ जानेवारी, रविवार

मला काहीही वाटलेलं नाही. प्रेमा म्हणते, काही वाटलं नाही हे मी परवापासून प्रत्येक घासाला सांगून राहिलो आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

मशीनचा पहिला लेख आला. सुरुवात अशी: 'आजच्या गतिमान युगात तंत्रज्ञान हा मानवी जीवनाचा अविभाज्य घटक बनला आहे. त्याचे जसे फायदे आहेत तसेच तोटेही आहेत.'

मी आयुष्यात कशाचेही फायदे लिहिलेले नाहीत.

शेवट तर वाचवत नाही. 'चला तर मग, आपण सर्वांनी मिळून संतुलन राखूया.' खाली माझं नाव, त्यावर माझा फोटो. लोकांना वाटणार, पूनमचंद आता संतुलन राखणार.

दुपारी किन्हीराजाचा शालिग्राम कढई घ्यायला आला. शेतकरी माणूस, माझा जुना मित्र आणि माझा प्रत्येक लेख वाचणारा. कढई पाहण्याआधी त्याने माझ्या कपाळाला हात लावला.

"पूनमचंदभाऊ, तब्येत बरी हाये ना? लेख वाचला. घरात काई झालं काय?"

खरं सांगायला हवं होतं, पण जीभ वळेना. "थोडी कणकण होती," म्हणालो. त्याने कढईचा भावही केला नाही. माझी इतकी दया आजवर कोणी केली नव्हती.

१३ जानेवारी, सोमवार

उद्या संक्रांत. वाणाच्या वाट्या घ्यायला बायांची रीघ. दुपारी जेवायला घरी गेलो तर हेमसिंगचा फोन आला. मी घेतला नाही, प्रेमाने घेतला आणि बोलत बोलत परसात गेली. वरण निवालं तरी परत येईना.

"काय म्हणत होता?"

"त्याच्या मशीनच्या लेखात मीठ नाई म्हणते. लोकाईचे फोन येऊन राह्यले."

"मंग तू काय सांगतलं?"

"मी म्हटलं, पाहतो काही जमते काय."

जमायला ती काय मशीन दुरुस्त करणार आहे? पण बायका अशा वेळी काहीतरी बोलून समोरच्याचं समाधान करतात. मी तिला समजावलं की हेमसिंगसारख्या माणसाशी इतकं गोड बोलायचं काही कारण नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

मी हादरलो आहे.

आजचा लेख मिक्सरवर आहे. 'मिक्सर बिघडला म्हणून कंपनीले फोन केला. बाई म्हणे, मराठीसाठी दोन दाबा. दोन दाबलं, मंग ती हिंदीत बोलली. मले वाटलं, बाई सकाळपासून बोलून थकली असन. मी म्हटलं, बाई, तुमी जेवल्या काय? ती म्हणे, माफ करा, मी समजू शकले नाही. मी म्हटलं, जेवण, जेवण! ती म्हणे, मुख्य मेनूसाठी नऊ दाबा. मले वाटलं, आता जेवणाचा मेनू सांगते.'

हे दिवाळीत माझ्या घरात माझ्याच बाबतीत घडलं. अगदी याच शब्दांत. कोणाजवळ म्हणजे कोणाजवळ मी हे बोललो नाही. त्या वेळी खोलीत कोणी नव्हतं. प्रेमा होती तेवढी.

दुकानात दिवसभर लोक येत होते. भांडी कमी, कौतुक जास्त. "आता फॉर्मात आले, काकाजी!" एकाने तर हात जोडून विचारलं, "तुमी जेवल्या काय?" आणि हसता हसता स्टीलच्या डब्यांचा मनोरा पाडला.

मी सगळ्यांपुढे नुसती मान हलवली. मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. मान मानेच्या दुखण्यानेही हलते.

२१ जानेवारी, मंगळवार

चष्मा विसरलो म्हणून भर दुपारी घरी आलो. प्रेमा आतल्या खोलीत मोबाईलवर बोलत होती. "आन मंग तो बातम्यावाला इतका ओरडला का मी टीव्हीचा आवाज बंद केला, तरी तो ऐकूच येऊन राह्यला, स्वल्पविराम..." मला पाहून ती थांबली.

"खुशबू होती काय?" खुशबू आमची मुलगी. पुण्याला असते.

"हो, खुशबूच."

"तिले जरा बोलू देत जा. तूच बोलून राह्यली."

"ती ऐकते," प्रेमा म्हणाली.

मुलगी नोकरीला लागल्यापासून तिचं बोलणं कमी झालंय, हे मात्र खरं. मोबाईलने माणसं मुकी केली आहेत. एरवी यावर एक लेख झाला असता.

२४ जानेवारी, शुक्रवार

आता हद्द झाली.

विषय टीव्ही. पहिला अर्धा लेख बातम्यांवर, तो चांगला आहे. म्हशीने रस्ता अडवला ही बातमी लाल अक्षरांत, मागे युद्धाचं संगीत, चर्चेला चार तज्ज्ञ आणि म्हशीची बाजू मांडायला कोणीच नाही. हे मी प्रेमाला कधीतरी म्हणालो होतो. पण पुढे?

'मी मालिका आन गाण्याच्या स्पर्धा यांना शिव्या देतो. म्हणूनच रोज दुकान लवकर बंद करतो, कारण शिव्या द्याच्या तर आधी पाहावं लागते. त्या दिवशी डोंगरातल्या पोराले स्पर्धेतून काढलं तवा माह्या डोळ्याले पाणी आलं. बायकोले सांगतलं, हिंगाची फोडणी डोळ्यात गेली. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण होते. चूल बंद होऊन दोन तास झाले होते.'

सगळं शेलूबाजार हिंग मागायला माझ्या दुकानात आलं. भांड्यांच्या दुकानात! समोरचा मेडिकलवाला दोन वेळा येऊन गेला. त्याच्याकडे डोळ्यांचं औषध आहे म्हणे.

हे मशीनला कसं कळलं, यावर मी खूप विचार केला आणि शेवटी उलगडा झाला. मोबाईल ऐकतो. मी हे कित्येकदा लिहिलंय, पण माझ्यावरच पाळत असेल हे लक्षात आलं नव्हतं. आज तातडीने बंदोबस्त केला. दुकानातला जाड बुडाचा कुकर काढला, मोबाईल त्यात ठेवला आणि वर झाकण आणि शिट्टी लावून टाकली.

संध्याकाळी रंगूबाई आली. इथल्याच बचत गटाची अध्यक्ष, आवाज खणखणीत. तेवढ्यात कोणाचा तरी फोन आला आणि कुकर वाजू लागला. रंगूबाई कान देऊन ऐकत राहिली.

"हा गाण्याचा कुकर केवढ्याचा हाये, भाऊ?"

२७ जानेवारी, सोमवार

मशीनला सापळा लावला. दुकानात एकटा असताना मोबाईल तोंडाजवळ धरून ठणकावून सांगितलं, "मले उंट पाळायचा आहे." अशी गोष्ट की जी मी कधी बोललो नाही, बोलणारही नाही. शुक्रवारच्या लेखात उंट आला तर मोबाईल ऐकतो हे सिद्ध.

संध्याकाळी जेवताना ही युक्ती प्रेमाला सांगितली. तिला ठसका लागला. पाणी दिलं तरी थांबेना.

"उंटच काहून?" तिने विचारलं.

"दुसरं काही सुचलं नाही."

"ठेवसान कुठी त्याले?"

मी म्हणालो, मूर्ख, खरोखर पाळायचा नाही. पण ती विचारतच राहिली. तो काय खाईल, दुकानाच्या शटरमधून आत येईल काय, गुडघे दुखतात काय उंटाचे. तिला युक्तीचा मुद्दाच समजला नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

उंट आला!

'मी आता मोबाईल इकून उंट पाळणार हावो. उंटाले पासवर्ड लागत नाई. रोज सकाळी अपडेट येत नाई. बिना चार्जिंगचा आठ दिवस चालते. आन आपल्यावर राग आला तर तो तोंडावर थुंकते. माफ करा, मी समजू शकलो नाही, असं म्हणत नाई.'

सिद्ध झालं. मोबाईल ऐकतो. मी लेख मोठ्याने वाचून दाखवला आणि प्रेमाला म्हणालो, "पाह्य! आता तरी पटलं?"

पण इथे कोणी पाहत नाही म्हणून लिहितो. ते थुंकण्याचं वाक्य वाचून मी हसलो, आणि मग मला फार वाईट वाटलं. मी मोबाईलपाशी फक्त उंट म्हणालो होतो. पासवर्ड, चार्जिंग, थुंकणं हे मशीनने स्वतः केलं. मला ते सुचलं नसतं. माझ्या आवाजात, माझ्या रागात, माझ्यापेक्षा चांगलं. मग मी कशाला आहे? भांडी तर ऑनलाइनही मिळतात.

"चांगलं लिहिलं काय मशीननं?" प्रेमाने विचारलं.

"चांगलं लिहिलं."

"खरंच?"

"माह्यापेक्षा चांगलं."

 ती उठली आणि माझ्या भाकरीवर इतकं तूप घातलं की ताट वाकडं करावं लागलं. दुःखात बायको अशी उपयोगी पडते.

५ फेब्रुवारी, बुधवार

हेमसिंग दुकानात आला. उंटाच्या लेखापासून त्याचा अंक कारंज्यापर्यंत जातो म्हणे. आता त्याला वाचक मेळावा घ्यायचा आहे. १६ तारखेला, शेलूबाजारातल्याच मंगल कार्यालयात. नाव: 'असली विरुद्ध डिजिटल'. लोक विषय देतील, एकीकडे मी लिहीन, दुसरीकडे मशीन. खर्चाला मंगरुळपीरचा एक मोबाईल दुकानदार तयार आहे. म्हणजे आता सगळ्या गावाला कळणार की इतके दिवस मी नव्हतोच.

"तुमाले नाई जमत तर राहू द्या," हेमसिंग म्हणाला.

असं म्हटल्यावर मी दुसरं काय करणार? हो म्हणालो.

घरी सांगितलं तर प्रेमाचा चेहरा उतरला. "नका जाऊ ना. कायले पाह्यजे हे?"

"मले हरायची भीती नाई."

"तुमची नाई वो. त्या मशीनची काळजी वाटते. इतक्या लोकाईपुढं भांबावून जाईन ते."

मी तिला सविस्तर समजावून सांगितलं की मशीन भांबावत नसते. त्याला मन नसते, लाज नसते, घामही येत नाही. ती म्हणाली, "बरं बाप्पा." नंतर परसात जाऊन फोनवर कोणावर तरी फार चिडली. बहुतेक गॅसवाला असावा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तयारी पूर्ण. मोबाईल, मालिका आणि ऑनलाइन खरेदी या तिन्ही विषयांवर जहाल वाक्यं पाठ केली. प्रेमाचा गुडघा दुखतो आहे. ती उद्या येणार नाही. गुडघ्याला हीच वेळ मिळाली.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.

कार्यालय भरलं होतं. स्टेजवर दोन खुर्च्या. एकीवर मी, दुसरीवर लॅपटॉप. दोघांनाही सारखेच हार. मागे मोठा पडदा, मशीन लिहील ते त्यावर दिसणार होतं. मोबाईलवाला प्रमुख पाहुणा म्हणून लॅपटॉपच्या बाजूला बसला. पहिल्या रांगेत शालिग्राम. त्याने मला मूठ आवळून दाखवली.

गेल्या महिन्यापासूनचे लेख मशीनचे, हे हेमसिंगने जाहीर केल्यावर लोक माझ्यावर हसतील असं वाटलं होतं. पण उलट माझी बाजू घेऊन ओरडू लागले. शालिग्राम उठून म्हणाला, "मी तवाच ओळखलं होतं! संतुलन म्हणे!"

हेमसिंगने माईक घेऊन विषय मागितला. कोणी म्हणालं मोबाईल, कोणी मालिका, कोणी सोयाबीनचा भाव. मी पेन सरसावून बसलो. तेवढ्यात बायकांकडून रंगूबाई उठली. तिला माईक लागत नाही.

"ह्या भाऊचं समदं ऐकलं आमी. मिक्सरवर ऐकलं, म्हशीवर ऐकलं, उंटावर ऐकलं. बायकोवर एक अक्षर नाई ऐकलं. बायकोवर लिवा!"

बायकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की हेमसिंगला दुसरा विषय घेताच येईना.

मी लिहायला सुरुवात केली. पेन चालेना. मग चाललं. पानभर झाल्यावर उभा राहून वाचलं. "आजच्या गतिमान युगात पत्नी ही कुटुंबाचा अविभाज्य घटक बनली आहे. ती त्यागाची मूर्ती असून..." इथपर्यंत आल्यावर शालिग्रामने पुन्हा काळजीने माझ्या कपाळाकडे पाहिलं. हे वाक्य मी कुठेतरी वाचलंय असं मलाही वाटलं, पण कुठे ते आठवेना.

मशीनचा पडदा मात्र कोरा. लोक वाट बघत होते. मोबाईलवाला लॅपटॉपला हळूच बोट लावून बघत होता. हेमसिंग घामाघूम. नेट गेलं म्हणाला आणि स्टेजमागे पळाला. परत आला तेव्हा त्याचं तोंड रडवेलं. मग पडद्यावर अक्षरं उमटू लागली. माझी पाठ पडद्याकडे होती, म्हणून वळून वाचलं.

'ह्या विषयावर मले लिहिता येत नाई. मिक्सरबद्दल पूनमचंदले काय वाटते ते माहीत हाये. टीव्हीबद्दल माहीत हाये. सरकार, हवामान, शेजारी, समद्याईबद्दल माहीत हाये. बायकोबद्दल काय वाटते ते त्याईनं कधी सांगतलंच नाई.'

पुरुष खो खो हसले. बायका हसल्या नाहीत. हेमसिंगने घाईघाईने मला विजयी घोषित केलं, ढोल वाजला, शालिग्रामने मला उचललं आणि दुसऱ्याच क्षणी कंबर धरून खाली ठेवलं.

मी जिंकलो होतो, पण तोंडाला कोरड पडली होती. पाण्याचा ड्रम स्टेजमागच्या खोलीत असतो, म्हणून तिकडे गेलो. दारावर 'वधूपक्ष' लिहिलेलं. आत प्लास्टिकच्या खुर्चीवर प्रेमा बसली होती. हातात मोबाईल.

"तू? आन गुडघा?"

"बरा हाये गुडघा."

"इथं मशीन ठेवलं आहे काय त्यानं?" मी टेबलाखाली पाहिलं. कपाटामागे पाहिलं. तिथे नवरीच्या हळदीचं सामान होतं.

"बसा जरा," ती म्हणाली.

"आधी मशीन पाहू दे."

"अवो, मीच हावो मशीन."

मी बसलो. खुर्ची नव्हती, ड्रमवर बसलो.

मग तिने सांगितलं. हेमसिंगच्या मशीनचा पहिला लेख लोकांनी थुंकून टाकला. त्याने घरी फोन केला. प्रेमा म्हणाली, थांब, मी बोलून पाहतो. ती मोबाईलवर बोलायची, तो ऐकून टाईप करायचा. दर मंगळवारी. आज तिनं बोललेलं मोबाईलमधून थेट पडद्यावर जात होतं. खुशबू वगैरे कोणी नव्हतं. लेख प्रेमाचे आहेत हे लोकांना सांगायचं ठरलं होतं, पण उंटामुळे अंक खपू लागल्यावर हेमसिंगला मशीनचं सोंग सोडवेना.

"इतलं समदं तुले आलं कुठून?"

"तुमी बोलत होते, मी ऐकत होती. इतक्या वर्षांचं ऐकलेलं कुठीतरी जाईनच ना?"

मला खूप राग आला होता. पण नेमका कशाचा, ते सापडेना. शेवटी म्हणालो, "आन हिंगाचं कायले सांगतलं गावाले?"

"हिंगाचंच तर सगळ्यात चांगलं जमलं होतं."

ते खरंच सगळ्यात चांगलं जमलं होतं.

"आन आजचं?" मी विचारलं. "आज काहून अडलं?"

"तुमच्या मनानं लिहायचं असते ना. तुमच्या मनातलं मले समदं माहीत हाये असं वाटत होतं. आज बसली लिहाले, तर ते एकच नाई सापडलं." तिने मोबाईल पदराने पुसला. "काई तरी रचून टाकलं असतं. पण खोटं कायले लिहायचं?"

आम्ही चालत घरी आलो. बक्षीस मी विसरलो होतो, ते शालिग्राम आणून देऊन गेला. मशीनला हरवल्याबद्दल मोबाईलवाल्याकडून भेट: नवीन मोबाईल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज बोललो नाही. घर इतकं शांत होतं की प्रेमाने दोनदा बटण दाबून पाहिलं, लाइट गेली काय म्हणून.

१९ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना धीर केला. म्हणालो, "कढी चांगली झाली."

"हे कढीबद्दल झालं," ती म्हणाली.

दुपारी शालिग्राम कंबरेला पट्टा बांधून आला. त्याला विचारलं, तू साधनावहिनीला काय सांगतो?

"कायबद्दल?"

"तिच्याबद्दल."

त्याने बराच विचार केला. "बैल घ्याच्या आधी तिले दाखवतो," म्हणाला. मग आणखी विचार करून, "ती नाई म्हणे तर घेत नाई." मला हेवा वाटला. माझ्याकडे बैलसुद्धा नाही.

कोणत्याही वस्तूतलं काय वाईट ते मला उभ्या उभ्या सांगता येतं. चांगलं सांगायला गेलं की माझं ते गतिमान युग होतं. असं का होतं, ते कळत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अंक आला. माझ्या सदराच्या जागी चौकट: 'डिजिटल पूनमचंद दुरुस्तीसाठी बंद आहे.' मागोमाग हेमसिंग स्वतः घरी आला, हात जोडून. वाचक ऐकत नाहीत. रंगूबाई फोन करून त्याला फार बोलली.

मी म्हणालो, "मी लिहितो की पुन्हा." तो माझ्याकडे पाहून इतका केविलवाणा हसला की मीच विषय बदलला.

प्रेमा म्हणाली, "मी सांगत जाईन. पण माह्या नावानं. मशीन नाई, काई नाई. आन पह्यल्या लेखात समद्याईले खरं सांगायचं."

"हो हो, काकू! सदराचं नाव?"

"आमाले बी नाई पटत."

"विषय?" मी विचारलं.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज कामरगावला गेलो. प्रेमाच्या भाच्याची, सन्मतीची वास्तू होती. कारंज्यापर्यंत बस, पुढे जीप. बसमध्ये प्रेमा खिडकीशी, मी बाजूला. मागच्या सीटवर एक जाडजूड माणूस मोबाईलवर रील लावून बसला होता, पूर्ण आवाजात. एक संपायच्या आत दुसरं. कोणी नाचून राह्यलं, कोणी ओरडून राह्यलं, कोणी 'मित्रांनो' म्हणून श्रीमंत व्हायचं शिकवून राह्यलं. एरवी मी वळून त्याला ऐकवलं असतं. आज माझं डोकं दुसरीकडे होतं.

सकाळी बसमध्ये चढतानाच एक वाक्य तयार झालं होतं. कसं झालं ते माहीत नाही. बस भरलेली, दोनच जागा रिकाम्या होत्या, एक पुढे, एक मागे, आणि कंडक्टर म्हणाला वेगवेगळे बसा. तेव्हा मी नको म्हणालो, दोघांची जागा एकत्र होईपर्यंत उभा राहिलो. तेव्हाच ते वाक्य आलं. लहानसं आहे. त्यात युग वगैरे नाही.

मी हळूच म्हणालो, "मले तुह्या बाजूले बसायले आवडते."

"काय?" प्रेमा म्हणाली. मागे 'मित्रांनो' चालू होतं.

"मले तुह्या बाजूले बसायले आवडते."

"काई ऐकू नाई येऊन राह्यलं!"

मी सगळा दम एकवटून ओरडलो. नेमकं त्याच क्षणी मागचं रील संपलं.

"मले तुह्या बाजूले बसायले आवडते!"

सगळी बस गप्प झाली. ड्रायव्हरने आरशात पाहिलं. पुढच्या सीटवरच्या दोन म्हाताऱ्या वळल्या त्या वळूनच राहिल्या. प्रेमाने पदर कपाळापर्यंत ओढला आणि तोंड खिडकीकडे केलं.

मागचा माणूस पुढे वाकला. हातात मोबाईल. "काकाजी, एकडाव अजून म्हना ना. लय भारी होते. रील टाकतो."

रीलबद्दल माझी मतं सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहेत. पण वाक्य तर तयारच होतं. मी पुन्हा म्हणालो. त्या दोन म्हाताऱ्यांनी मान डोलावली. कंडक्टर तिकीट फाडायचं विसरून उभा राहिला.

मी घाम पुसून नीट बसलो. प्रेमा अजून खिडकीबाहेर, तुरीच्या कापलेल्या शेतांकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. बराच रस्ता गेल्यावर, तोंड तसंच ठेवून, ती हळूच म्हणाली,

"अजून नसन झालं त्याचं रेकॉर्ड. विचारा बरं त्याले."